डावीकडची जागा

"काकू, म्हणजे ते दारू पीतच नव्हते?" मिझोएचं पेन थांबलं.

"थेंबसुद्धा नाही. वासानंच मळमळायचं त्यांना."

'तुम्हाला माहीत नसलेला गोनरोकु' असं काहीतरी पेपरात छापायचं म्हणून ही मुलगी शिगेनोकडे आली होती. झिंगलेल्या नवऱ्याचं सोंग आणून सगळ्या ओसाकाला हसवून लोळवणारा गोनरोकु घरी मात्र सातूचा गार चहा पिऊन नऊलाच झोपायचा, हे बायकोखेरीज कोण सांगणार!

"आणि त्यांची ती ठसकेबाज ओसाकाची बोली?"

"शिकलेली गं. माणूस उत्तरेकडच्या बर्फातला. झोपेत बोलले की मला एक अक्षर कळायचं नाही."

शिगेनोला मनातून बरं वाटत होतं. नवरा जाऊन दोन महिने होत आले, पण तो कसा होता हे अजून तिलाच विचारावं लागत होतं.

समोर गोनरोकुचा रंगमंचावरचा जोडीदार तोकुझो गोड वडी चघळत बसला होता. तो सहज म्हणाला, "डावा कान पार गेला होता, तेही लिही. आता काय लपवायचं!"

शिगेनोच्या हातातली किटली तशीच राहिली. "कुणाचा कान?"

"अहो, याचाच." तोकुझोने गोनरोकुच्या फोटोकडे बोट केलं आणि त्याचं चघळणं थांबलं. "वहिनी... तुम्हाला ठाऊक नाही?"

हा माणूस शिगेनोला कधी आवडलाच नव्हता. रंगमंचावर गोनरोकुने वेडगळासारखं बोलायचं, तोकुझोने त्याला झापायचं आणि वर डोक्यात एक सणसणीत चापट हाणायची. प्रेक्षक खिदळायचे. आणि रात्री नवऱ्याचं डोकं चोळत शिगेनो पुटपुटायची, मेल्याचा हात झडत कसा नाही!

"ती चापट खूण होती, वहिनी," तोकुझो खाली मान घालून म्हणाला. "मी कायम त्याच्या उजवीकडे उभा राहायचो. तरी हशा उसळला की त्याला माझं काही कळायचं नाही. माझं वाक्य संपलं, आता तू बोल, म्हणून मारायचो. आधी हळूच मारायचो हो. पण लोकांना ती चापटच आवडायला लागली."

"कधीपासून?"

"नव्या थिएटरात गेलो ना, त्याच्याही आधीपासून."

शिगेनोला काही सुधरेना. हाक मारली की गोनरोकु भलतीकडेच बघायचा. मीठ मागितलं की छत्री आणून द्यायचा. तिला वाटायचं, घरातही याचं सोंग सुटत नाही, आणि ती हसायची. जेवायला ती नेहमी त्याच्या डाव्या बाजूला बसे, कारण स्वयंपाकघर त्या बाजूला होतं. मग इतकी वर्षं तो मान डोलावून "बरं, बरं" म्हणायचा, ते नेमकं कशाला?

आणि ती संध्याकाळ? नव्या थिएटरातला पहिला खेळ बघून आल्यावर जेवताना ती म्हणाली होती, "चेष्टेत मला आणू नका हो. मासेवालासुद्धा विचारतो, आज नवऱ्याला कशानं बदडलंत? लाज वाटते मला." गोनरोकु गोड हसून म्हणाला होता, "बरं, बरं." आणि दुसऱ्याच दिवशी रेडिओवर पुन्हा तेच: 'आमच्याकडे भूकंप झाला तरी कळत नाही, बायको बोलत असते!' त्या दिवसापासून ती थिएटरची पायरी चढली नव्हती. त्याच्या निरोपाच्या खेळालासुद्धा पुढच्या रांगेतली तिची खुर्ची रिकामी राहिली होती.

"मला का नाही सांगितलं?" तिचा आवाज चढला. "तुम्ही दोघांनी मिळून मला वेड्यात काढलंत!"

"तुम्ही धंदा सोडायला लावाल, याची भीती त्याला." तोकुझो घुटमळला. "तुम्ही थिएटरात यायचं का सोडलंत, ते मलाच विचारायचा. माझं काय चुकलं रे, म्हणायचा."

"मग मला विचारायचं की!"

"तेच म्हटलं मी त्याला. तर म्हणाला, विचारेन, पण तिने सांगितलं आणि मला ऐकूच नाही आलं तर?"

मिझोएने दबकत विचारलं, "काकू, हे लिहू का?"

"लिही. नको, थांब. मला नको विचारूस गं, मला काही कळत नाहीये."

दोघं गेल्यावर शिगेनोने कप विसळले आणि उदबत्ती लावली. सवयीने ती फोटोतल्या गोनरोकुच्या डाव्या बाजूला बसली. मग उठली, आसन उचललं आणि उजवीकडे आणून टाकलं. त्या बाजूने तो तिला अनोळखीच वाटला.

"चेष्टेत मला आणू नका, असं मी म्हणाले होते," ती फोटोच्या अगदी जवळ जाऊन म्हणाली. "एवढंच चुकलं होतं तुमचं."

तिने हात उचलून फोटोतल्या डोक्यावर हळूच एक चापट मारली, आणि तो बोलायची वाट बघत ती थांबली.