अम्मीच्या छातीतली बॅटरी

लॅबमधल्या बंद काचपेटीच्या रबरी हातमोज्यांत कोपरापर्यंत हात घालून हुदाने चिमट्याने बटणाएवढी बॅटरी उघडली. आतला लिथियमचा पत्रा पुन्हा काळवंडला होता. त्यावर शेवाळासारखे बारीक काटे उगवले होते. दर चार्जिंगला ते थोडे वाढतात, एके दिवशी मधल्या पडद्याला भोसकतात आणि बॅटरी मरते. ते रोखायला तिने पत्र्यावर कार्बनच्या नळ्यांची जाळी चढवली होती, केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. या वेळी जाळीच फाटली होती.

बाजूला फोन स्पीकरवर होता. भाऊ फहाद पनवेलच्या हॉस्पिटलमधून बोलत होता. अम्मीचा ताप उतरत नव्हता.

अम्मीच्या छातीत कित्येक वर्षं पेसमेकर होता. त्याची बॅटरी संपत आली होती, बदलायची तारीखही ठरली होती, तेवढ्यात रक्तात संसर्ग निघाला. तो उतरेपर्यंत छाती उघडता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. जंतू पेसमेकरच्या तारेवरून थेट हृदयात जातील. तोवर बॅटरी तग धरेल का, असं हुदाने विचारलं. ते म्हणाले, बहुधा धरेल.

मोहल्ल्यात अम्मी सगळ्यांना सांगायची, माझी लेक नवीन पनवेलच्या कॉलेजात बॅटऱ्या बनवते, माझीही तीच बनवेल. हुदाने अनेकदा समजावलं होतं की तिची बॅटरी गाड्यांसाठीची, पुन्हा पुन्हा चार्ज होणारी, छातीतली वेगळी. धातू तेवढा एकच. अम्मीने त्यातलं शेवटचंच ऐकलं होतं.

त्या दुपारी हुदा खाटेजवळ बसली, तेव्हा अम्मीने डोळे उघडले.

“झाली का गं तुझी?”

हुदाने चादरीची सुरकुती सारखी केली.

“होतेय, अम्मी.”

“सावकाश कर. माझी टिकेल तोवर.”

त्यानंतर ती लॅबमध्ये गेली नाही. मॉनिटरवर प्रत्येक ठोक्याआधी पेसमेकरची बारीक उभी रेघ उमटायची. ती चुकते की काय म्हणून हुदा श्वास रोखून बसायची. रेघ चुकत नव्हती. बाकीचंच एकेक बंद पडत चाललं होतं. आधी मूत्रपिंडं, मग रक्तदाब. औषधं बदलून पाहिली, त्यांचाही उपयोग झाला नाही.

जुम्याच्या नमाजच्या सुमारास अम्मी गेली. तरी मॉनिटरवर उभ्या रेघा येतच राहिल्या, वेळच्या वेळी. मागून ठोका तेवढा येत नव्हता. फहादने डॉक्टरांचं मनगट धरलं. चालू आहे अजून, बघा ना, असं तो म्हणत राहिला. डॉक्टरांनी हुदाकडे पाहिलं. रेघ यंत्राची आहे, हृदयाची नाही, हे तिला समजावून सांगता आलं असतं. तिने फक्त भावाची बोटं हळूहळू सोडवली.

दहनात बॅटरी फुटते म्हणून यंत्र आधी काढतात; इथे दफन असल्यामुळे ती गरज नव्हती. ते तसंच, चालू, राहू द्यायचं ठरलं.

घरी गुस्लच्या, दफनाआधीच्या आंघोळीच्या वेळी जास्मीनखाला, अम्मीची धाकटी बहीण, पाणी ओतत होती. डाव्या खांद्याखालच्या उंचवट्याशी तिचा हात थबकला.

“हुदा, ही थांबली ना गं? आपाला आता तरी आराम मिळू दे.”

हुदाने आजवर मोजल्याशिवाय एकही आकडा लिहिला नव्हता. तिने ओला तळवा त्या उंचवट्यावर ठेवला. कातडी गार होती. आतलं काहीच हाताला लागत नव्हतं. ते हाताला लागण्यासारखं नव्हतंच कधी.

“थांबली, खाला,” ती म्हणाली, आणि तांब्या पुढे केला.