निळी खडी

गादीवाल्याने उभ्या जन्मात कुणाचं ऐकलं असेल तर शपथ! दुकानदार जीव तोडून सांगत होता, की हे मिशीवाले मासे तळाशी राहणारे, टाकीत यांना बारीक वाळूच हवी. तोंड खुपसून दाणे शोधतात, दमले की वाळूत शिरून पडतात. एवढं ऐकलं आणि ह्याने निळी खडी उचलली. मासे वाळूत दडून बसले तर बायकोला दिसणार काय, कपाळ?

बायको आठ महिन्यांपूर्वी जिन्यावरून पडली, तेव्हापासून कमरेखाली काही हलत नव्हतं, स्पर्श तेवढा कळायचा. दिवसभर छताकडे बघत पडायची, म्हणून त्याने ही काचेची टाकी तिच्या पलंगासमोर मांडली. सहाही मासे खडीवर उघडे, दडायला जागाच नाही. ती हरखली. सगळ्यात आळशी माशाला तर तिने धाकट्या दिराची जागा दिली, त्याला ती भावोजीच म्हणायची.

तिसऱ्या आठवड्यात तीच म्हणाली, भावोजींच्या मिशा झिजल्यात. त्याने हसण्यावारी नेलं. मग भिंग लावून पाहिलं, तर सगळ्यांच्याच मिशा खुंटलेल्या, पोटाखाली लाल चट्टे.

"वाळू घाला त्यात," ती म्हणाली.

"मग दिसायचे नाहीत तुला."

"नाही दिसले तर नाही. टोचणाऱ्या जागेवर दिवसरात्र पडून राहणं काय असतं, ते मला विचारा."

अंग पुसायला बाई यायची तेव्हा हा नेहमी दुकानात. त्याने तिला हळूच कुशीवर वळवलं. माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम होती, काळी पडलेली, आतून ओली. इतके दिवस खोलीतला तो वास त्याला औषधाचा वाटत आला होता. बाईला हिनेच गप्प राहायला सांगितलं होतं. गावभर मऊ गाद्या पुरवणाऱ्याच्या घरात हे! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"मला का नाही बोललीस?"

"लग्नात तुम्ही हातांनी भरलेली गादी," ती म्हणाली. "ती टोचते, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

तो लहान मुलासारखा रडला.

डॉक्टर म्हणाले, विष रक्तात भिनलंय, उशीर झाला. त्याने त्याच दिवशी कापूस पिंजून नवी गादी भरली आणि तिला तिच्यावर निजवलं. वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुतली आणि टाकीत पसरली. मासे जे आत शिरले ते शिरलेच. ती रिकाम्या टाकीकडे बघायची आणि म्हणायची, निजू द्या बिचाऱ्यांना. असे नऊ दिवस गेले, आणि ती गेली.

माणसं पांगल्यावर तो एकटाच टाकीसमोर बसला होता. दुपारी वाळू हलली आणि एक मासा बाहेर आला. मिशांना नवे कोंब फुटले होते.

"अगं, भावोजी उठले बघ," म्हणत तो मागे वळला. नव्या गादीवर अजून खळगासुद्धा पडला नव्हता.