ताईसाठी लिहिलेली स्क्रिप्ट

अक्षदा राजुरीत घरी बसूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. व्हिडिओ ऐकायचे आणि त्याखाली मराठी ओळी लिहायच्या. एकोणिसाव्या वर्षी तिच्या डाव्या हाताची तीन बोटं चारा कापायच्या कडबाकुट्टीत गेली. मशीन चालू केलं होतं धाकट्या आदेशनं. त्यावर भावंडं पुढं कधी बोललीच नाहीत.

आदेश इंजिनियर झाला. जर्मनीला जाण्याआधी त्यानं तिच्या कॉम्प्युटरवर पायथन या संगणकभाषेत एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहून दिली. कीबोर्डवरचं उजवीकडचं एक बटण दाबलं की व्हिडिओ, मजकूर, शब्दकोश अशा सगळ्या खिडक्या आपापल्या जागी बसायच्या. शेजारचं दाबलं की तो पडदा सरकून मेल-मीटिंगचा पडदा समोर यायचा. तीन वर्षं झाली, आदेश परत आला नव्हता. फोनही सणावारापुरता.

एका सकाळी कंपनीनं व्हिडिओचं सॉफ्टवेअर बदललं. बटण दाबलं, तर व्हिडिओची खिडकी जागची हलेना. वडील, संपत, म्हणाले आदेशला विचार. तिकडं अजून पहाट होती. मग अक्षदानं पहिल्यांदाच ती स्क्रिप्ट उघडली.

इंग्रजी ओळींच्या मध्ये मराठी टिपा होत्या. कॉम्प्युटर त्या सोडून देतो, माणसानं वाचायच्या असतात. एक टीप होती: ‘ताईला दोन बटणं एकदम दाबायला लागू नयेत. तिचा हात माझ्यामुळं गेला.’

अकरा वर्षं जे तोंडानं निघालं नाही, ते त्यानं इथं लिहून ठेवलं होतं.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओच्या खिडकीचं नाव बदललं होतं; स्क्रिप्टमधलं जुनं नाव खोडून तिनं नवं घातलं. बटण दाबलं, खिडकी जागेवर गेली. दुपारी तिनं फोन लावला.

“स्क्रिप्ट वाचली मी,” ती म्हणाली.

“सगळी?”

“सगळी. चारा मीच आत ढकलत व्हते, आदेश. तुझं काय चुकलं न्हाई.”

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“एकदा येऊन जा रे. लई दिवस झालं तुला बघून.”

“दिवाळीला बघतो, ताई,” तो म्हणाला. असं तो गेल्या दिवाळीलाही म्हणाला होता.

फोन ठेवल्यावर संपतनं दारातून विचारलं, काय म्हणतोय.

“येतो म्हणाला,” अक्षदानं सांगितलं आणि कॉम्प्युटरकडं तोंड फिरवलं.