ओल्या हरभऱ्यांचा मालडबा

मित्रांनो, मी एक जुना मालडबा आहे. खेळण्यातला, पत्र्याचा, वर छप्पर नसलेला, लांबीला तुमच्या वितीएवढा. सध्या माझा मुक्काम देवासला, मधुवंतीताईंच्या जेवणाच्या टेबलावर आहे. माझी कीव मात्र कुणी करायची नाही. म्हातारी खेळणी आपली कहाणी सांगायला बसली की आधी डोळ्यांना पदर लावतात. माझा तो स्वभाव नाही. मी गंजलो, पोटाला भोक पडलं, पण कुरकुर केली नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. एका यंत्राने पत्र्यावर लाकडी फळ्यांचं चित्र छापलं, दुसऱ्याने पत्रा कापला आणि एका बाईने माझ्या कडांच्या जिभा खाचांत घालून मागे वाकवल्या. खिळा नाही, स्क्रू नाही. त्या जिभांवरच माझा सगळा डोलारा उभा आहे. मग खोक्यात भरून मी हमरस्त्यावरच्या धामनोदला आलो आणि एका दुकानाबाहेर दोरीला लटकून ट्रकांची धूळ खात राहिलो. तिथून मला बापूंनी उचललं.

बापू म्हणजे मधुवंतीताईंचे वडील. धारच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्या घरी एक देखणी विलायती आगगाडी होती. चावीचं इंजिन आणि बंद छपराचे तीन डबे. बापूंचे वडील संस्थानात अंमलदार होते, त्या दिवसांतली ती. डब्यांच्या खिडक्यांतून टोप्या घातलेले गोरे उतारू बाहेर बघत असायचे. त्यांच्या मागे मला लावलं तेव्हा मी जरा अंग चोरूनच उभा राहिलो.

मला आणण्याचं कारण होतं हरभरे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्या घरी मोठी आरास असे आणि आरासीत आगगाडी हवीच. तेव्हा मधू लहान होती. तिने हट्ट धरला की बायकांना भिजवलेले हरभरे गाडीने वाटायचे. बंद छपराच्या डब्यांत हरभरे भरणार कसे? ती रडून मोकळी झाली आणि बापू धामनोदहून मला घेऊन आले. मग दर चैत्रात बायका ओळीने बसायच्या, मधू गुडघ्यांवर रांगत गाडी ढकलत न्यायची आणि प्रत्येक बाई माझ्यातून मूठभर हरभरे ओटीत घ्यायची. एवढं कौतुक त्या गोऱ्या उतारूंच्याही वाट्याला आलं नाही.

पण पत्र्याच्या डब्यात पाण्यातून उपसलेले हरभरे भरू नयेत, हे त्या शिकल्यासवरल्या घरात कुणाच्याही डोक्यात आलं नाही. हळदीकुंकू आटोपलं की पन्ह्याचे पेले विसळले जायचे, मी मात्र तसाच ओला फळीवर जायचो. गंजाचे डाग दिसले की पुढच्या चैत्रात मधूची काकू त्यांवरून ऑइलपेंटचा हात फिरवायची. कधी लाल, कधी हिरवा, दाराला लावून उरलेला असेल तो. माझं पोट कौतुकानेच खाल्लं, मित्रांनो.

मुलं मोठी झाली. मधुवंती लग्न होऊन देवासला आली. बापू गेले. घरातल्या वस्तू वाटल्या गेल्या तेव्हा आगगाडी धाकट्या भावाकडे, अजेयकडे, धारलाच राहिली. मला मधुवंतीने मागून घेतलं. कुणी नाही म्हटलं नाही, कारण मला कुणी मोजतच नव्हतं. इथे येऊन मीही दिवाळीच्या माळांबरोबर माळ्यावर पडून राहिलो.

मध्यंतरी एकदा अजेयचा फोन आला. मधुवंतीला फोनचा आवाज मोठा ठेवायची सवय असल्यामुळे माळ्यावर मलाही सगळं ऐकू आलं.

"ताई, आजोबांच्या गाडीसाठी काचेची पेटी बनवायला टाकतोय. बैठकीत ठेवीन. एकदम मस्त दिसेल."

"मग माझ्याकडचा डबा पण ठेव ना मागे."

"अगं, तो आपल्या गाडीचा नव्हताच. बाजारातून आणलेला काहीतरी."

"बापू म्हणायचे, हा आपल्या गाडीचाच डबा आहे."

"तुझं मन राखायला म्हणत असतील. तू रडायचीस ना."

मधुवंतीने फोन ठेवला. पेटीत जागा मिळाली नाही याचं तिला फारसं वाटलं नसतं. पण बापूंनी आपल्याला खोटं सांगितलं, हे तिच्या जिव्हारी लागलं. ज्या माणसाने तिच्या वाकड्या चित्राला कधी सरळ म्हटलं नाही, तो डब्याबद्दल खोटं कशाला बोलेल? तिने स्टूल ओढलं, मला खाली काढलं आणि टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. हा डबा गाडीचाच आहे हे दाखवल्याशिवाय आता ती थांबणार नव्हती.

माझी पंचाईत झाली. अजेय बरोबर बोलत होता, हे मला ठाऊक होतं. पण डब्याला तोंड कुठे असतं?

तिचे यजमान, अनीशराव, इथल्याच एका फॅक्टरीत आहेत. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मधू, माझ्याकडे दे ना. आमच्या पेंट शॉपमध्ये पूरा साफ करून घेतो. एकदम नवा होऊन येईल."

"नवा नकोय मला," ती म्हणाली. "रंगाबरोबर खालची छपाई पण जाईल. मग हा कोण होता ते कसं कळणार?"

मी मनातल्या मनात तिला दंडवत घातला.

मधुवंती हायस्कुलात गणित शिकवते. हिशेबाने चालायची सवय. जुनी खेळणी जमवणाऱ्या लोकांना तिने मोबाइलवर विचारलं. ते म्हणाले, आधी पोटाखाली कारखान्याचा छाप बघा. छाप असण्याची जागा हरभऱ्यांनी कधीच गिळली होती. मग ती छपाईच्या मागे लागली. कापसाच्या बोळ्यावर थिनरचे थेंब घेऊन माझ्या डाव्या अंगावरून एकेक थर उतरवू लागली. काकूचा हिरवा गेला, त्याखालचा लाल गेला, आणि पुसट फळ्या दिसू लागल्या. कोपऱ्यात एक आकडाही होता. तिचा चेहरा उजळला.

आणि तिथेच घात झाला. आकडा मळकट दिसतो म्हणून ती सवयीने स्वयंपाकघरात गेली आणि चिंच आणि रांगोळी घेऊन आली. तिच्या माहेरी देवांची भांडी घासायची तर चिंच आणि रांगोळी, दुसरं काही नाही. हात आपोआप चालला. तांब्या-पितळेला जे मानवतं ते छापील पत्र्याला मानवत नाही. बघता बघता फळ्या गेल्या, आकडा गेला आणि माझी डावी बाजू चकचकीत कोरी झाली. ती बोटाला लागलेल्या काळ्या लगद्याकडे बघतच राहिली. मला दुखलं ते सोडा, तिच्याकडे बघवेना.

दुसरी कुणी असती तर मला पुन्हा माळ्यावर टाकून मोकळी झाली असती. हिने चिंच उचलून ठेवली, हात धुतले आणि उजव्या बाजूला बसली. आता रोज शाळेतून आल्यावर नखाएवढाच तुकडा साफ करायचा, तोही फक्त कापसाने. डोळे चुरचुरले की उठायचं. अनीशराव दोनदा म्हणाले, "जाऊ दे गं." ती दोन्ही वेळा म्हणाली, "नाही."

शेवटी उजव्या बाजूवर अक्षरं उमटली. चांगली ठसठशीत, हिंदीत: मालगाड़ी.

विलायतेतला कुठला कारखाना डब्यावर हिंदीत छापेल? मधुवंतीला उत्तर मिळालं होतं, आणि ते अजेयचं होतं. मग डोळे पुसून तिने कात्री घेतली, डालड्याच्या एका जुन्या झाकणातून माझ्या पोटाच्या मापाचा तुकडा कापला, माझ्या जिभा अगदी हळू उघडल्या आणि मला नवा तळ बसवला. जुन्या पत्र्याच्या जिभा एकदा उघडून मिटल्या तर मिटल्या, पुन्हा उघडल्या की तुटतात. हे तिला आता माहीत झालं होतं. कोऱ्या बाजूवर फळ्या रंगवून टाक, असं अनीशरावांनी सुचवलं. ती म्हणाली, "जे गेलं ते गेलं. खोटं नाही रंगवायचं."

आणि एवढं झाल्यावर तिने धारला फोन लावला. "अजेय, गाडी घेऊन ये. एकदा मागे लावून बघायचाय. नाही लागला तर विषय संपला."

रविवारी तो आला. टॉवेलांत गुंडाळलेले डबे त्याने एकेक करून टेबलावर मांडले. मनाचा वाईट नाही तो. मालगाड़ी वाचून हसला सुद्धा नाही. मला हातात घेऊन त्याने इंजिनामागच्या डब्याला जोडायला पाहिलं.

"बघ ताई, लागतच नाही. आपल्या डब्यांना गोल कडी आहे. याचा अडकवायचा आकडा चपटा. मी काय म्हणत होतो?"

मी चाट पडलो. इतके चैत्र मी त्या गाडीला लागत आलो होतो. पण मी कायम शेवटी. शेवटच्याला पुढच्यांच्या कड्या कुठे दिसतात? माझ्या पुढ्यात जे होतं तेच सगळ्यांचं असणार, असं मी धरून चाललो होतो.

मधुवंतीनेही तेच विचारलं. "मग मी हरभरे वाटायची तेव्हा हा लागायचा कसा?"

तिने दुसरा डबा उलटा करून पाहिला. दोन्हीकडे गोल कडी. तिसरा उचलला. पुढे गोल कडी. मागे मात्र चपटी खाच, अगदी माझ्या आकड्याच्या मापाची. मूळची कडी कापून काढलेली होती, कापलेल्या जागेवर कानशीचे ओरखडे होते आणि खाच वितळवून लावलेल्या डाखाच्या जाड गोळ्याने चिकटवली होती.

अजेय तो डबा घेऊन खिडकीशी गेला. परत यायला त्याला वेळ लागला.

"हा डाख बापूंचा आहे," तो म्हणाला. "त्यांचा हात असाच जड पडायचा." मग म्हणाला, "ताई, मला तर या गाडीला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. आजोबांची म्हणून. आणि त्यांनी स्वतःच कापली ही?"

मधुवंतीने त्याच्या हातातून डबा घेतला. मित्रांनो, मलाही त्या क्षणी कळलं. बापूंनी मला बाजारातून आणलं, हे खरं. त्यांच्या लेकीने विचारलं असेल की हा आपल्याच गाडीचा आहे ना, आणि ते हो म्हणाले असतील. आणि मग ते खरं व्हावं म्हणून त्यांनी वडिलांची जीव की प्राण गाडी लोखंडी शिकंज्यात आवळून धरली आणि तिच्यावर करवत चालवली.

तिने मला खाचेत अडकवलं. मी बसलो.

"पेटी लहान पडेल आता," अजेय म्हणाला.

"मग मोठी कर."

"करतोच."

मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळायच्या तर त्यांना कोरडं ठेवा, ओले हरभरे वाटीतून द्या आणि चिंच देवांच्या भांड्यांसाठी राहू द्या. एवढं सगळेच सांगतील. माझं मागणं थोडं वेगळं आहे. एखादी वस्तू बाकीच्यांसारखी दिसत नाही म्हणून तिला ओळीतून बाहेर काढू नका. आधी तिच्या पुढचीला उलटी करून बघा. तिच्यासाठी कुणीतरी आपली आवडती गोष्ट कापून जागा केलेली असेल, आणि ते सांगायला तो माणूस आता नसेल.