माझे पाय मिटेनात

मी नकाशावर अंतर मोजायचा पितळी चिमटा बोलतोय. विमानतळावरचे लोक मला डिवायडर म्हणत. दोन पाय आणि वर एक सांधा. पाय पसरायचे नि मिटायचे, एवढाच माझा धंदा. पण गेली चार वर्षं मी माणदेशातल्या एका लोखंडी पेटीत पाय पसरून पडलोय. आराम कसला, ही कैद आहे कैद.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी लंकेच्या विमानतळावर होतो. माझा एक पाय लंकेवर आणि दुसरा दक्षिणेकडच्या एका इवल्या बेटाच्या विमानतळावर टेकवला, की साहेब हिशेब सांगत, सहाशे मैल, चार तास. पुढं माझं टोक वाकडं झालं, तसं साहेबांनी मला बिराप्पाला देऊन टाकलं. बिराप्पा विमानात माल चढवायचा. धनगराचा गडी, लय हौशी. जुन्या नकाशावर मला टेकवून उगाच अंतरं मोजत बसायचा. एके दिवशी मालाबरोबर त्यालाच त्या बेटावर धाडलं. विमान निघालं, पण पोहोचलं नाही.

त्याचा जोडीदार, कोरेगावचा लालासाहेब, बिराप्पाची पेटी घेऊन त्याच्या घरी आला. नकाशा पसरून त्यानं माझे पाय दोन बेटांवर टेकवले आणि बिराप्पाच्या बायकोला, भामाबाईला म्हणाला, "वयनी, हितनं निघालं, हितं जायाचं हुतं. चार तासाची वाट. मदीच गेलं."

मेंढरामागं गेलेल्या माणसाचे दिवस या वाडीत कुणी घालत नाही. उशीर झाला तरी तो येतोच, अशी यांची समजूत. भामा माझ्याकडं बघत राहिली.

"ही तर माझी वीतबी न्हाई. मेंढरं घिऊन आमी कोकणात जातो, त्ये लय लांब. येतील की."

आणि नवऱ्याची वाट उघडी राहावी म्हणून माझे पाय न मिटवता तिनं मला पेटीत ठेवलं. कागदावरची वीत म्हणजे सहाशे मैल खारं पाणी, हे तिला कुणी पटवावं? मी आत ओरडून मेलो, पण ऐकतंय कोण!

तिची सासू तानुबाई तोंडानं फटकळ, मनानं निर्मळ. परवा तिनंच पेटी उघडली.

"भामे, चार तासाची वाट गं ती. चार वर्सं झाली. माझ्या लेकाचे दिस घालू आता. तुझं वय काय? पाट लाव, दुसरं घर कर. मी सोता उभी ऱ्हाते."

भामा खूप रडली. मग डोळे पुसून तिनं मला उचललं. "मिटवते, आत्याबाई."

काय आनंद झाला मला! होतं नव्हतं तेवढं बळ लावून मी पाय जवळ ओढू लागलो. तिनं दाबून पाहिलं, म्हातारीनं दाबून पाहिलं. पण लंकेच्या खाऱ्या वाऱ्यानं सांध्याच्या लोखंडी खिळ्याला धरलेला गंज या चार वर्षांत पार मुरला होता. मी तसूभर हललो नाही.

भामाचा चेहरा उजळला. "बघा आत्याबाई, त्येंची वाट मिटत न्हाई. त्ये हायती."

म्हातारीनं मला तसंच पेटीत ठेवलं. पेटीला पुन्हा कुलूप लागलं.

माणदेशातनं जाणाऱ्यांनो, पाणी प्यायला त्या घरी थांबलात, तर एवढं करा. पेटी उघडायला लावा आणि माझ्या सांध्याला तेलाचं एक बोट लावा. मी मिटलो, तरच ती पोर सुटेल.