चमकेल तेवढंच

"अर्ध्या जिभेनं अर्ध्याच गाड्या सुटतील, डॉक्टर!"

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. शेजारी बसलेल्या घड्याळवाल्यांना मात्र घाम फुटला. हे बोलणाऱ्या त्यांच्या बायकोचा सारा जन्म बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात गेला. ड्रायव्हर-कंडक्टर तिला रेडिओताई म्हणत. घरीही तोंडाचा पट्टा सुरूच. घड्याळं दुरुस्त करता करता "अगं, जरा श्वास तरी घे" म्हणणं, एवढंच घड्याळवाल्यांचं संसारातलं भाषण. आणि आता नेमका जिभेलाच कॅन्सर!

"गाठ कुठं संपते ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जास्तीचं कापावं लागतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण एक नवी चाचणी चालू आहे. अतिसूक्ष्म कण सुईतून सोडायचे. ते गाठीत जाऊन बसतात आणि खास दिव्याखाली चमकतात. चमकेल तेवढंच कापायचं. कुठं काही उरलं, तर दिवा प्रखर करायचा. कण तापतात आणि उरलेलं जाळून टाकतात."

"आणि माझ्या अंगात ठाण मांडून बसले म्हणजे?"

"आधीच्या कणांत विषारी धातू असायचा, तेव्हा ती भीती होती. हे कार्बनचे आहेत. काम झालं की लघवीवाटे निघून जातात."

"काम झालं की निघून जातात? आमच्या पाहुण्यांना शिकवा की हे!"

"पण गाठ नीट चमकली नाही, तर अर्धी जीभ जाईल. मी खात्री देत नाही."

रेडिओताईंनी होकार दिला. बाहेर आल्यावर मात्र त्यांनी नवऱ्याचा हात घट्ट धरला. "अहो, बोलताच आलं नाही, तर तुमच्याशी भांडू कशी?"

घड्याळवाल्यांनी आपला दुसराही हात तिच्या हातावर ठेवला.

ऑपरेशनच्या दिवशी ते दाराकडे डोळे लावून बसले होते. डॉक्टरबाई तोंडावरचा मास्क खाली ओढतच बाहेर आल्या. "चमकली! नखाएवढा तुकडा गेला. बाकी जीभ जागच्या जागी."

मग या अबोल माणसानं लिफ्टवाल्याला, झाडूवालीला, वाटेत भेटेल त्याला गाठून सांगितलं, "चमकली हो, चमकली!"

जखम भरेपर्यंत बोलायला बंदी होती. घरातली सगळी घड्याळं एकदम ऐकू यायला लागली. घड्याळवाल्यांना ती शांतता खायला उठली. शेवटी तेच बोलू लागले, आणि रेडिओताई हातवाऱ्यांनी सांगू लागल्या, "जरा श्वास घ्या!"

कामावर परतल्या त्या सकाळी आवाज नीट ऐकू यावा म्हणून ड्रायव्हरांनी गाड्या बंद करून ठेवल्या होत्या. भोंगा खरखरला. आवाज किंचित जड होता, पण होता तोच.

"फलाट दोनची गाडी सुटतेय! दारात लोंबकळणारे, आत व्हा! घरी तुमची आई वाट बघतेय!"

साऱ्या स्थानकात हॉर्नचा एकच गजर झाला. एक म्हातारा ड्रायव्हर तर टोपी उडवून नाचला.

गाड्या सुटत राहिल्या. भोंग्याखालच्या बाकावर घड्याळवाले बसूनच होते.

"काका, तुम्हाला कुठं जायचंय?" कंडक्टरनं विचारलं.

"कुठंच नाही," ते म्हणाले, आणि जरा मागे सरकून नीट टेकून बसले.