शुक्रवारचा धूर

नोंगप्लोंगच्या विमानतळाचा शुक्रवार थियामने शोधून काढला, असं गावात म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

तो तिथला प्रमुख होऊन आला तेव्हा कोराटहून टपालाचं विमान मंगळवारी यायचं. विमानतळ म्हणजे गवत कापलेला एक लांबट माळ, एक पत्र्याची छपरी, पेट्रोलचे डबे आणि सात शिपाई. वैमानिकाला माळ सापडावा, वाराही कळावा म्हणून ओला पेंढा पेटवून धूर करायचे. उन्हाळ्यात त्या मुलखाचं आभाळ ताकासारखं होतं. वरून नदी दिसत नाही, रस्ता दिसत नाही. दिसतो तो फक्त उभा धूर.

धसकटं जाळणाऱ्या शेतकऱ्याला दम देता येतो. मेलेल्याला कोण दम देणार? माळाच्या पश्चिमेला कोसभरावर बुद्धाचं देऊळ होतं आणि त्याच्या मागे मसणवटा. दोनदा विमान चितेच्या धुराकडे वळलं आणि अगदी शेवटच्या घटकेला सावरून माळावर आलं. तेव्हा थियाम देवळात जाऊन बसला.

"लुआंगपॉ," तो म्हाताऱ्या महंतांना म्हणाला, "तुमच्याकडे चिता पेटत नाही असा वार कोणता?"

महंत हसले. "फ्रान्समध्ये जाऊन आलास आणि आईनं शिकवलेलं विसरलास? शुक्रवारी कोणी प्रेत जाळतं का?"

त्या लोकांच्या बोलीत शुक्र म्हणा की सुख म्हणा, तोंडातून एकच शब्द निघतो. शुक्रवारी प्रेत जाळलं तर जाणारा राहिलेल्यांचं सुख सोबत नेतो. त्यामुळे राजाचं प्रेत असो की भिकाऱ्याचं, शनिवार उजाडेपर्यंत पेटीत पडून राहतं.

थियामने वर लिहून टपालाचा वार बदलून घेतला. पुढे कोराटला जाऊन तो प्रत्येक नव्या वैमानिकाकडून एकच गोष्ट घोकून घ्यायचा. "नोंगप्लोंगला शुक्रवारी धूर दिसला, की तो आपलाच. बिनघोर उतरा."

या माणसाने एके काळी स्वतः पुष्कळ आकाश पाहिलं होतं. बाविसाव्या वर्षी तो राजाच्या फौजेबरोबर बोटीने फ्रान्सला गेला, तिथे थंडीत कुडकुडत उडायला शिकला. त्याचं शिकणं पुरं झालं त्याच आठवड्यात लढाई संपली. परत आला तो कातडी टोपी आणि एक बिल्ला घेऊन. त्यानंतर सात वर्षं त्याने देशभर विमानं नेली. मग एका उन्हाळ्यात हवेतच तेलाची नळी फुटली आणि इंजिनात वंगण म्हणून घातलेलं उकळतं एरंडेल डोळ्यांत गेलं. विमान त्याने खाली आणलं, पण डावा डोळा गेला आणि उजवा अर्धा उरला. फौजेने आकाश काढून घेतलं आणि बदल्यात हा माळ दिला.

अर्ध्या डोळ्याने तो कागद नाकाला लावून वाचायचा, पण त्याच्या हाताखाली लिहिल्याशिवाय काही चालत नसे. हवालदार क्लियांग तिशी ओलांडेपर्यंत अंगठेबहाद्दर होता. थियामनेच त्याला छपरीत बसवून अक्षरं शिकवली. "तोंडी हुकूम वाऱ्यावर जातो, क्लियांग. लिहिलेलं असेल तेवढंच खरं." क्लियांगने हे मनावर घेतलं. बायकोने मासळी आणायला सांगितली तरी तो म्हणायचा, "लिहून दे."

शुक्रवारी विमान आणणारा बहुधा प्रुंग असे. थियामने हाताला धरून शिकवलेला हा शेवटचा वैमानिक. उतरला की कोराटच्या तळलेल्या शेवयांची पुडी थियामच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "साहेब, एका डोळ्याने चाकाचा चिखल दिसतो तुम्हाला. दोन असते तर एखादी बायको दिसली असती."

"तू आधी चिखल पूस. बायको तुझी बघू, मग माझी."

त्या वर्षी एप्रिलमध्ये गावात पटकी आली. तिचं नाव कोणी घेत नसे. 'ती आली आहे' एवढंच म्हणत आणि पाण्याच्या रांजणावर झाकण ठेवत. सोमवारी चार गेले, मंगळवारी अकरा. जिल्ह्याचा अधिकारी स्वतःच आडवा झाला आणि गावाचा कारभार थियामच्या गळ्यात पडला. त्याने लशीसाठी तार केली. उत्तर आलं की प्रुंग बाराशे माणसांची लस घेऊन शुक्रवारी सकाळी निघतो. रस्त्याने ती यायला आठ दिवस लागले असते, आणि आठ दिवसांनी टोचायला गावात कोण उरणार, हे ज्याला त्याला कळत होतं.

पटकीने गेलेल्याला त्या भागात आधी पुरतात, वर्षभराने उकरून मग जाळतात. बँकॉकहून आलेला डॉक्टर यावर संतापला. "पुरलंत तर विहिरी नासतील. आजच्या आज जाळा!"

बुधवारी थियामने हुकूम लिहिला. 'जो जाईल त्याला त्याच दिवशी सूर्यास्ताच्या आत जाळावे. उशीर करणाऱ्यास शिक्षा होईल.' दोनदा नाकाशी धरून वाचला, सही केली आणि क्लियांगला चार शिपाई देऊन देवळाकडे पाठवलं. शुक्रवारचं त्यात काही नव्हतं. विसरला म्हणावं, तर तेही खरं नाही. भात खाताना तोंड उघडावं, असं कोणी हुकमात लिहितं का?

शुक्रवारी सकाळी आभाळ नेहमीपेक्षा दाट होतं. माळावर पेंढा पेटवला, पण धूर वर चढेना. गवतावर लोळत तो पूर्वेला सरकत राहिला. थियामने आणखी ओला पेंढा टाकायला लावला. नऊच्या सुमाराला पश्चिमेकडून घरघर आली.

"आला!" शिपाई ओरडला.

थियामने डोळे मिटले. कानाने त्याला जास्त दिसायचं. आवाज जवळ आला, आणि मग मंद झाला. उतरताना वैमानिक इंजिन कमी करतो, तसा. पण तो इतक्या लांब कमी व्हायला नको होता.

"दिसतंय का रे काही?"

"विमान नाही दिसत, साहेब. धूर दिसतोय. देवळाकडे. केवढा मोठा!"

"आज वार कोणता?"

शिपायाने त्याच्याकडे पाहिलं. "शुक्रवार, साहेब."

इंजिनाने एकदा खाकरल्यासारखं केलं आणि ते गप्प झालं. मग लांबून लाकूड मोडल्याचा आवाज आला. पन्नाशीला टेकलेला नसला तरी थियाम म्हाताऱ्यासारखाच चालायचा, पण त्या दिवशी तो कोसभर पळाला. बांधाला अडखळून दोनदा पडला.

मसणवट्याच्या अलीकडे, कोरड्या भाताच्या खाचरात विमान उलटं पडलं होतं. चाकं बांधावर आदळली होती. महंत आणि दोन भिक्षूंनी प्रुंगला बाहेर काढून ताडाच्या सावलीत ठेवलं होतं. त्याच्या छातीतून घरघर येत होती. पलीकडे तीन चिता पेटल्या होत्या आणि धूर सरळ उभा होता, माळावर कधी जमला नाही इतका सुरेख.

प्रुंगने थियामला ओळखलं. "साहेब, लशीच्या पेट्या बघा."

"बघतो. तू बोलू नकोस."

"देवळाचं शिखर दिसलं तेव्हा कळलं. वर उचलायला गेलो तर इंजिन घेईना." तो थांबला. मग खरंच कोड्यात पडल्यासारखं त्याने विचारलं, "शुक्रवारी कोणाला जाळतायत?"

दुपार व्हायच्या आत प्रुंग गेला. चारांपैकी एक पेटी शाबूत निघाली. डॉक्टरने ती उचलली आणि गावाकडे नेली. तीनशे माणसांची लस.

क्लियांग चितेजवळ उभा होता. त्याचं तोंड काजळलं होतं आणि काजळीत डोळ्यांखाली दोन पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या.

"क्लियांग, शुक्रवारी? तू?"

"लोक पाया पडत होते, साहेब. लुआंगपॉ म्हणाले, एक दिवस थांब. माझ्या हातून काडी पेटेना." त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "तीन वेळा वाचला. त्यात शुक्रवार कुठेच नव्हता. म्हटलं, साहेबांनी लिहिलं नाही म्हणजे विचार करूनच लिहिलं नसेल."

"विमान येणार होतं ना रे!"

"ते मला ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक होतं. म्हणून तर वाटलं की तुम्ही दुसरी काही तजवीज केली असेल."

महंतांनी आपलं पांघरायचं वस्त्र प्रुंगवर टाकलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा क्लियांग पुन्हा जवळ आला. त्याला विचारवत नव्हतं, पण विचारणं भाग होतं. "साहेब, हुकमात 'जो जाईल त्याला' असं आहे. यालाही आजच?"

थियामने हात पुढे केला. कागद घेतला, गुडघ्यावर ठेवला, नाक जवळ नेलं आणि सहीच्या वरच्या चिंचोळ्या जागेत पेन्सिलीने लिहिलं: 'शुक्रवार सोडून.'

क्लियांगने बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. शिकताना वाचायचा तसंच. वाचून झाल्यावर म्हणाला, "मला अक्षरं नसती आली, तर मी लुआंगपॉंचं ऐकलं असतं."

"हो," थियाम म्हणाला. "ऐकलं असतंस."

कोराटला तार गेली. उत्तर आलं की दुसरं विमान सोमवारी मिळेल, आणि अपघाताचं कारण लेखी कळवावं. कारण थियामने एका ओळीत लिहिलं. माझा हुकूम अपुरा होता. हवालदाराचं नाव त्यात घातलं नाही.

तोपर्यंत गावात आणखी नऊ शवपेट्या भरल्या होत्या. सोमवारी सकाळपासून विमान उतरेपर्यंत चिता पेटवायची नाही, असा वेगळा हुकूम त्याने काढला, आणि या खेपेला आधी महंतांना वाचून दाखवला, मग सही केली.

शनिवारी सकाळी प्रुंगची चिता रचली. कोराटहून त्याचं माणूस यायला वेळ नव्हता, म्हणून अग्नी थियामने दिला. कातडी टोपी त्याने आत ठेवली. ती त्याची स्वतःची होती, फ्रान्सची. लाकूड ओलं होतं. बराच वेळ नुसतंच धुमसलं, मग धूर वर चढला, ताडाच्या शेंड्यापर्यंत सरळ गेला आणि तिथे हळूच वाकला.

थियाम मान वर करून अर्ध्या डोळ्याने बघत राहिला. इतक्या वर्षांची सवय, ती जाते कुठे? तोंडातून निघालंच.

"दक्षिणेचा वारा. हलका."

शेजारी उभ्या क्लियांगने खिशातून वही काढली आणि ते लिहून घेतलं.